नियंत्रित गटाचे ठोंबरे सर

ठोंबरे सर, परवा तुमच्या शोकसभेत मी हसले. चक्क हसले. रुमाल तोंडावर दाबला, पण जायचा तो आवाज गेलाच. पहिल्या रांगेतले तुमच्या संस्थेचे अध्यक्ष मान वळवून बघायला लागले. शेजारी बसलेल्या वहिनींना वाटलं मला हुंदका आला, म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात पडल्यावर मला खरंच रडू फुटलं. मग मी त्याच रुमालाने डोळे पुसले.

हसू का आलं ते तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कोणाला पटणार नाही. तुमचे मुख्याध्यापक माइकसमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "ठोंबरे सरांनी आपल्या संपूर्ण सेवाकाळात एकही नियम कधी मोडला नाही." अहो, काय हे! ज्या माणसाने माझं एम.पी.एड.चं सबंध वर्ष पाण्यात घातलं, आणि वर माझ्याकडे बघून दात काढले, त्याच्याबद्दल हे? तुम्ही तिथे असतात तर मागच्या बाकावरून "व्हय, व्हय" म्हणाला असतात आणि मला कोपर मारलं असतंत.

तुमची माझी गाठ पडायचं तसं काही कारणच नव्हतं. मी रेवदंड्याच्या शाळेत पीटी शिकवते. माझ्या बापाने हयातभर अलिबाग-रेवदंडा रिक्षा चालवली, त्यामुळे मला वाटायचं जग अलिबागला संपतं. तुम्ही पालीच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या गावात. तुमच्या बाजूला गणपतीच्या दर्शनाला येणं व्हायचं तेवढंच. पण नोकरी करणाऱ्या क्रीडाशिक्षकांसाठी मे महिन्यात चालणाऱ्या त्या एम.पी.एड.च्या वर्गात तुम्ही माझ्या मागच्या बाकावर येऊन बसलात, आणि माझ्या सरळ चाललेल्या आयुष्याला फाटे फुटले.

पहिला दिवस आठवतोय ना? आम्ही सगळे वर्षानुवर्षं उन्हात उभे राहिलेले लोक. आम्हाला बाकावर बसवून शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. कोणाचे गुडघे बाकात मावत नव्हते, कोणी खाली चपला काढून पायाची बोटं मोडत होतं. शिकवणारे सर तुमच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या वयाचे. ते हृदयाच्या ठोक्यांवर बोलत असताना मागून शिट्टी वाजली. आणि सबंध वर्ग, एकजात सगळे मास्तर आणि बाया, खाडकन सावधानमध्ये उभे! सवयच तशी हो. कोणी विचार केला नाही, पाय आपोआप जुळले. मग एकमेकांकडे बघून जो हशा पिकला, तो थांबेना.

"कोणी वाजवली?" सरांनी विचारलं.

तुम्ही उभेच होतात. म्हणालात, "मी, सर. खिशात हात घातला, चुकून वाजली."

"खिशातल्या खिशात शिट्टी कशी वाजते?"

"तेच तर बघत होतो, सर."

तुम्हाला वर्गाबाहेर उभं केलं. पन्नाशी उलटलेला माणूस, डोक्यावर चांदी, आणि बाहेर व्हरांड्यात अंगठे धरल्यासारखा उभा. मला दया आली. तास संपल्यावर मी माझी वही घेऊन बाहेर आले, म्हटलं, "सर, हे उतरवून घ्या." तुम्ही वहीकडे बघितलंसुद्धा नाही. "वही ऱ्हाऊ दे गो बाय," म्हणालात, "डब्यात काय हाय?" डब्यात सुक्या जवळ्याची चटणी होती. ती तुम्ही तिथेच उभ्या उभ्या संपवलीत आणि सांगितलंत की बाहेर वारा चांगला येतो, उद्या परत शिट्टी वाजवतो. त्या दिवसापासून मी "बाय" झाले. वर्षा मॅडम म्हणून मला हाक मारायचं तुम्हाला शेवटपर्यंत जमलं नाही.

सगळे तुम्हाला विचारायचे, ठोंबरे, या वयात कशाला? निवृत्ती तोंडावर आलीय, पदवी घेऊन काय लोणचं घालायचंय? तुम्ही हसून सोडून द्यायचात. मला एकदा सांगितलंत. "बाय, जन्मभर मी शिट्टी वाजवली आणि दुसरे पळाले. एकदा दुसऱ्याच्या शिट्टीवर मला पळायचं होतं." मला तेव्हा हे फार थोर वगैरे वाटलं. दुसऱ्याच दिवशी तुम्ही शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला डुलकी काढलीत आणि ते थोरपण गेलं.

माझं मात्र तसं नव्हतं. मला ती पदवी हवीच होती. शाळेत माझा तास म्हणजे शेजारणीकडची वाटीभर साखर. गणिताचा भाग राहिला, द्या वर्षा मॅडम तुमचा तास. विज्ञानाचा प्रयोग अडला, द्या तास. साखर निदान परत येते, माझा तास कधी परत आला नाही. आमच्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक निवृत्त होणार होते. संस्थेने सांगितलं होतं, त्यांच्या जागी तुम्ही, पण तोवर एम.पी.एड. पूर्ण हवं. तिथे गेले की स्वतःचं मैदान, स्वतःचं वेळापत्रक. कोणाची टाप नव्हती तिथे तास मागायची. हे सगळं तुम्हाला माहीत होतं. एकदा नाही, दहादा ऐकवलं होतं.

तुमचं घोडं अडलं संख्याशास्त्रावर. सूत्रं बघितली की तुम्हाला घाम फुटायचा. म्हणून एका रविवारी तुम्ही रेवदंड्याला आलात आणि मी तुम्हाला धक्क्यावर नेलं. बोटी नुकत्या लागलेल्या, बायकांची ओरड चाललेली. मी मासळीच्या दोन टोपल्या दाखवल्या. एकीत सगळे वीतभर. दुसरीत काही हातभर आणि काही बोटभर. म्हटलं, सर, सरासरी दोन्हींची सारखीच निघेल. पण दुसऱ्या टोपलीतले मासे सरासरीपासून लांब लांब पसरलेत, त्या पसरण्याचं माप म्हणजे प्रमाण विचलन. तुम्ही टोपलीपुढे उकिडवे बसलात. बराच वेळ बघून म्हणालात, "म्हणजे माझा सातवीचा वर्ग ही दुसरी टोपली." मग आईने तळलेले बोंबील खाताना सरासरी, विचलन, सहसंबंध सगळं तुमच्या घशाखाली उतरलं. निकाल लागला तेव्हा फोनवर "पास झालो गो बाय!" असे बोंबललात की शेजारची काकू बाहेर आली, काय झालं म्हणून विचारायला. त्या दिवशी मला माझ्या स्वतःच्या निकालापेक्षा तुमच्या निकालाचा आनंद झाला, आणि तो मी तुम्हाला बिनदिक्कत सांगितलाही.

आता येते त्या बांधांवर. नाही नाही म्हणता यायलाच हवं.

माझ्या लघुप्रबंधाचा विषय साधा होता. दोरीवरच्या उड्यांचा सराव दिला तर मुलींचा दम आणि चपळाई किती वाढते. माझ्या शाळेतल्या मुली प्रायोगिक गट, त्यांना आठ आठवडे सराव. तुमच्या शाळेतल्या मुली नियंत्रित गट. त्यांची सुरुवातीला चाचणी, शेवटी चाचणी, आणि मध्ये काही नाही. दिवाळीनंतर मी तुमच्या शाळेत आले, मुलींना पळवलं, उड्या मोजल्या, आणि निघताना सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "आता तुम्ही काही करायचं नाही हं. रोज असता तशा राहायचं." मुलींनी माना डोलावल्या. तुम्हीही डोलावलीत. गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "काळजी करू नको, बाय. दोरीला हात लावू देणार न्हाय." दोरीला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण मला एसटी गाठायची होती.

आठ आठवड्यांनी परत आले. पहिली मुलगी पळाली आणि मी स्टॉपवॉच झटकलं. दुसरी पळाली, मी ते कानाला लावलं. तिसरीनंतर तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही आभाळात घारी शोधत होतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते याला! माझ्या मुली सुधारल्या होत्या, पण तुमच्या न खेळणाऱ्या मुली त्यांच्याही पुढे गेल्या होत्या.

"काय केलंत तुम्ही यांना?" मी ओरडलेच.

एक पोर पुढे आली, अगदी प्रामाणिकपणे. "मॅडम, आम्ही दोरीला हात न्हाय लावला. सर आम्हाला शाळेच्या आधी शेतात न्यायचे. बांधांवरनं उड्या मारायला."

भात कापून रान मोकळं झालेलं, बांध उघडे पडलेले. त्यांवरून रोज सकाळी, या बांधावरून त्या बांधावर, अख्खा माझा नियंत्रित गट!

आपण पालीच्या एसटी स्टँडवर भांडलो ते आठवून आजही माझे कान गरम होतात. हारवाल्या बाया हार ओवायचं सोडून बघत होत्या. मी म्हटलं, "सर, संशोधनात दयामाया चालत नाही!"

"दया कुठं केली? तास घेतला. त्याचाच पगार खातो मी."

"पण तुम्ही कबूल केलं होतंत!"

"केलं होतं. दोन दिवस कळ बी काढली. पोरी कठड्यावर बसून ऱ्हायच्या. म्हटलं, का गो? तर म्हणाल्या, मॅडमनी सांगितलंय काही करायचं न्हाय." तुमचा आवाज खाली आला. "बाय, या पोरींना घरी काय सांगतात? उडू नको, हसू नको, गप बस. शाळेत येऊन बी तेच ऐकायचं? ते बी शास्त्राच्या नावानं?"

"आणि माझी पदवी?"

त्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "त्याचा इचार न्हाय केला." खोटं बोलला असतात तर मी सोडून दिलं असतं. पण हे ऐकून असा संताप आला की मी समोर लागलेल्या गाडीत चढले, ती नागोठण्याची आहे की खोपोलीची हेसुद्धा न बघता. खोपोलीची निघाली. उलट दिशेला जाऊन परत आले, तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात, हातात उसाच्या रसाचे दोन पेले. मी रस प्यायले आणि बरोबर गाडीत बसले. मग तुमचे फोन उचलले नाहीत.

माझ्या मार्गदर्शक देशमाने मॅडम. शेवटी आकडे घेऊन मी त्यांच्याकडे गेले. दारात पोचले तर तुम्ही आधीच हजर, इस्त्रीचा शर्ट घालून. आत शिरलात, टाचा जुळवल्यात. "मॅडम, गुन्हा माझा हाय. शिक्षा मला द्या, हिचं वर्ष वाचवा." मॅडमनी चष्मा काढला, आकडे बघितले, आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "बांध किती उंच होते?" तुम्ही गुडघ्याला हात लावून दाखवलंत. मॅडम म्हणाल्या, "छान. पण आकडेवारी बाद."

वर्ष गेलंच. पुढच्या हिवाळ्यात नव्या मुलींवर सगळं पहिल्यापासून. ती शेवटची संधी होती, कारण त्यानंतरच्या मे महिन्यात कॉलेजातली ती जागा रिकामी होणार होती. मी रडायच्या बेतात, आणि तुम्ही मॅडमशी वाद घालताय, की पोरींना नुसतं बसवणं कसं चालतं तुम्हाला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नुसतं कोण बसवतं? शेवटची चाचणी झाली की त्यांनाही तोच सराव द्यायचा. आधीच सांगायचं त्यांना, तुमची पाळी नंतर आहे. हे संशोधनाच्या शिस्तीत बसतं." तुमचा चेहरा असा उजळला! "हे आधी का न्हाय सांगितलंत?" मॅडम म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाहीत." त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी तुम्हाला तुमच्याच भाषेत उत्तर दिलं. मला वर्ष गेल्याचं दुःख होतं, पण ते बघून जिवाला बरं वाटलं.

दुसऱ्या वेळी मी दुसऱ्या शाळांकडे गेले. सगळ्यांनी नकार दिला, मुलींना चाचणीला सोडता येणार नाही म्हणून. शेवटी तुमचाच फोन. "माझ्या शाळेत कर."

"सर, मी कानाला खडा लावलाय."

"या वेळेला पोरींना सांगायला माझ्याकडं काहीतरी हाय, बाय. एकदा विश्वास ठेव."

ठेवला. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हेही डोक्यात होतंच. प्रयोग सुरू झाला आणि मधल्या सुट्टीत तुमचे फोन सुरू झाले. "अजून किती ऱ्हायलं?" सर, परवाच सुरू झालंय. वहिनींनी सांगितलं, यांनी शिट्टी माझ्याकडे देऊन ठेवलीय, कपाटात टाक म्हणाले. शेतावरची वाट सोडून उलट्या बाजूने शाळेत जायला लागलात. कारण नव्या गटात ती चैत्राली होती ना! तिची मोठी बहीण पहिल्या वेळी बांधांवरून उडालेली. ही रोज शाळेच्या दारात उभी. "सर, ताईला नेलं होतंत. आम्हालाच का न्हाय?" आणि तुम्ही रोज तेच उत्तर द्यायचात, तुमची पाळी येणार हाय, जरा कळ काढा.

एकदा मी न सांगता तपासायला आले. चोरपावलाने, कुंपणाच्या मागून. बघते तर तुम्ही मुलींना गोल करून कट्ट्यावर बसवलेलं आणि मध्ये सागरगोटे! मला बघून दोन्ही हात वर केलेत. "हात हलतात, पाय न्हाय! विचार तुझ्या देशमाने मॅडमना, चालतं का!" मी खरंच फोन लावला. मॅडम हसत सुटल्या, म्हणाल्या, चालतं. मग मीही बसले खेळायला, आणि त्या पोरींनी मला सपशेल हरवलं.

जानेवारीत शेवटची चाचणी झाली. आकडे स्वच्छ. माझ्या मुली पुढे, तुमच्या जागच्या जागी, फरक लख्ख. मी तुमच्या मैदानावर गिरकी घेतली. तुम्ही पाठ थोपटलीत, "जिंकलीस गो." पण तुमचा चेहरा पडलेला होता. मी विचारलं तर म्हणालात, "चांगलं झालं. तुझं काम झालं. पण बघवलं न्हाय." एवढं बोलून लगेच कामाला लागलात, कारण तुम्ही पोपटीचा घाट घातला होता. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, वरून भांबुर्ड्याचा पाला. मडकं उलटं घालून भोवती पेंढा पेटवला. दुपारी शेतात बसून गरम शेंगा सोलताना सगळ्यांची बोटं भाजत होती आणि कोणी थांबत नव्हतं. तुम्ही तोंड पुसून उभे राहिलात. "सोमवारपास्नं तुमची पाळी! दोऱ्या बी, बांध बी!" अहो, काय किंचाळल्या त्या पोरी. पलीकडच्या रानातले बगळे उडाले.

मी निघताना तुम्ही परत उकरून काढलंत. "एक सांग, बाय. पहिल्या वेळी माझ्या पोरी तुझ्या पोरींपेक्षा वरचढ होत्या का न्हाय?"

"बाद आकड्यांवर मी बोलत नाही."

"बोलशील. सोमवारी दोऱ्या घेऊन येशील तेव्हा बोलशील."

सोमवार उजाडायच्या आधीच तुम्ही गेलात. रविवारी पहाटे, झोपेत. तुमच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी दोऱ्या मोजून पिशवीत भरत होते. मला वाटलं तुम्हीच, काहीतरी चिडवायला. त्या दिवशी पालीपर्यंत मी कशी आले ते आठवत नाही. एवढंच आठवतं की मला तुमचा भयंकर राग आला होता. दम वाढवायचे धडे आयुष्यभर देणाऱ्या माणसाने असं अर्ध्यात थांबायचं? मरायचं ते मंगळवारी तरी मरायचं हो. एक दिवस तरी बघायचा पोरींचा.

तर होत्या, सर. वरचढ होत्या. चांगल्याच वरचढ. मी हे तुम्हाला वर्षभर सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसला असतात. बाकी भांडण मात्र मिटलेलं नाही. मला अजून वाटतं तुम्ही चुकलात. नियंत्रित गट नसेल तर आपली दोरी बरी की तुमचा बांध बरा, हे कधी कळणारच नाही, आणि आपला तास साखरेसारखा वाटीवाटीने जातच राहील. यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे, म्हणून तुमच्या वतीनेही मीच भांडते. स्वयंपाक करताना, रिक्षात बसल्यावर. रिक्षावाला आरशातून बघतो.

आणि आता परवाचं. शोकसभा संपल्यावर काय झालं ते.

तुमचे मुख्याध्यापक चहा घेताना सहज म्हणाले, नवीन शिक्षक येईपर्यंत पीटीचा तास गणिताला देऊन टाकलाय, मुलांचं नुकसान नको. मी बघितलं, भिंतीपाशी चैत्राली उभी होती आणि तिच्यामागे सगळा गट. तुमचा तो सोमवार कधीच उलटून गेला होता, पण एकीनेही कोणाला विचारलं नव्हतं. नुसत्या उभ्या. सवय होतीच त्यांना.

माझा प्रबंध बांधायला गेलाय, सर. देशमाने मॅडमनी सही केली, तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात. या पोरी उडाल्या काय न उडाल्या काय, माझी पदवी मला मिळणार. तपासायला कोणी येणार नाही. आणि मी काय केलं माहीत आहे? कप खाली ठेवला आणि म्हटलं, "सर, तास गणिताला देता येणार नाही. या मुलींचा आठ आठवड्यांचा सराव बाकी आहे. तो झाल्याशिवाय संशोधन पूर्ण धरत नाहीत. विद्यापीठाची माणसं केव्हाही बघायला येतील."

विद्यापीठ म्हटल्यावर मुख्याध्यापकांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. "मग करायलाच हवं," ते म्हणाले. "पण घेणार कोण?"

"शनिवारी मी येईन. मधल्या दिवशी चैत्रालीची ताई घेईल. तिला येतं."

धडधडीत खोटं बोलले हो, शास्त्राच्या नावाने. तुमची संगत. आणि इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! मी वहिनींकडे बघितलं. शोकसभेचा दिवस, लोक काय म्हणतील? वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "घे गो. आजच घे. त्यांना आवडंल."

आम्ही मागच्या मैदानात गेलो. पोरींनी सभेसाठी घातलेले पांढरे युनिफॉर्म, रिबिनी घट्ट बांधलेल्या. मी समोर उभी राहिले. ते तुम्ही करायचं होतं. सगळ्या ओळीत, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. चैत्रालीची नजर माझ्या हातांवर होती. आजवर मी त्यांच्यासमोर आले ती दर वेळी मोजायलाच आले होते.

"मॅडम," तिने विचारलं, "आज पण मोजणार?"

"न्हाय गो बाय," मी म्हटलं. "आज उडायचं."